मांडीच्या हाडातली प्लेट तीन महिन्यांत तुटली: चूक चालण्याची की इम्प्लांटची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे. बाथरूममध्ये घसरून पडले आणि खुब्याच्या खाली मांडीचे हाड मोडले. डीएचएस (डायनॅमिक हिप स्क्रू) प्लेट टाकली. सहा आठवड्यांनी वॉकर धरून चालायला लागले, तिसऱ्या महिन्यात मांडीत कट्‌कन आवाज झाला आणि पाय आखूड झाला. एक्स-रेमध्ये प्लेट तुटलेली दिसली. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणतात, लवकर वजन टाकले म्हणून तुटली. दुसरे डॉक्टर म्हणतात, इथे प्लेट नकोच होती, रॉड (हाडाच्या पोकळीत जाणारी सळई) टाकायला हवा होता. खरे काय मानायचे?

या प्रश्नाचे उत्तर तुटलेल्या प्लेटच्या एक्स-रेत शोधू नका. ते दोन जुन्या फिल्ममध्ये आहे: पडल्यानंतर, ऑपरेशनच्या आधी काढलेली आणि ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत काढलेली. पहिलीवरून कळते की हाड कोणत्या पद्धतीने मोडले होते आणि त्याला काय लागणार होते. दुसरीवरून कळते की हाड जागेवर बसले होते का आणि इम्प्लांट कुठे गेले. मांडीच्या हाडात इम्प्लांट तुटते किंवा उखडते, तेव्हा बहुतेक वेळा धातू खराब नसतो. त्या फ्रॅक्चरला न पेलणारे इम्प्लांट वापरलेले असते, किंवा योग्य इम्प्लांट वाकड्या बसलेल्या हाडात टाकलेले असते. दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो, म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो.

डीएचएस कुठे चालते, कुठे नाही

डीएचएसमध्ये एक जाड स्क्रू खुब्याच्या गोळ्यात जातो आणि तो प्लेटच्या नळीत मागे सरकू शकतो. रुग्ण उभा राहिला की गोळ्याकडचा तुकडा त्या स्क्रूच्या दिशेने थोडा खाली सरकतो आणि मोडलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात. या दाबामुळेच हाड जुळते. पण यासाठी फ्रॅक्चरची रेघ स्क्रूला साधारण काटकोनात छेदणारी हवी, म्हणजे वर बाहेरून खाली आत जाणारी. खुब्याजवळची बरीच फ्रॅक्चर्स तशीच असतात आणि त्यांना डीएचएस उत्तम चालते. ते जुने किंवा हलके इम्प्लांट आहे असे समजू नये.

आता रेघ उलटी असेल, वर आतून खाली बाहेर जाणारी, तर सगळे गणित उलटते. याला रिव्हर्स ऑब्लिक म्हणतात, फ्रॅक्चरच्या एओ नावाच्या वर्गीकरणात ३१-ए३ गट. इथे स्क्रूची सरकण्याची दिशा आणि फ्रॅक्चरची रेघ जवळजवळ समांतर होते. वजन पडले की कडा दाबल्या जात नाहीत. मांडीचा खालचा भाग आतल्या बाजूला सरकतो, वरचा तुकडा बाहेर निघतो आणि सगळा भार प्लेटवर येतो. मग तीनपैकी काहीतरी एक होते: गोळ्यातला स्क्रू उखडतो, खालचे स्क्रू हाडातून निघून येतात, किंवा प्लेट तुटते.

लेसर ट्रोकँटर नावाचा आतल्या बाजूचा छोटा उंचवटा आणि त्याखालचे सुमारे ५ सेंटीमीटर हाड, या पट्ट्यात मोडले तर सबट्रोकँटरिक फ्रॅक्चर. मांडीच्या हाडात सगळ्यात जास्त ताण याच पट्ट्यात असतो: आतल्या बाजूला प्रचंड दाब, बाहेरच्या बाजूला खेच. प्लेट बसते बाहेरून. आतल्या बाजूचे हाड चुरले असेल तर प्लेट प्रत्येक पावलाला वाकते आणि परत येते. तार पुन्हापुन्हा वाकवली की जशी तुटते, तशीच ही प्लेट तुटते. रॉड हाडाच्या पोकळीत, म्हणजे भाराच्या रेषेच्या जवळ असतो. त्यामुळे त्याच्यावरचा वाकवणारा जोर कमी पडतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०११ साली खुब्याच्या फ्रॅक्चरवर मार्गदर्शिका काढली, तिनेही सबट्रोकँटरिक फ्रॅक्चरला पोकळीतला रॉडच सांगितला.

आणखी एक बारकावा, जो ऑपरेशन टेबलावर सुटतो. बाहेरच्या भिंतीची जाडी. पहिल्या फिल्मवर बाहेरचे हाड पातळ दिसत असेल, तर डीएचएसचे मोठे भोक पाडतानाच ती भिंत फुटू शकते. सुरुवातीला सरळ रेघेचे असलेले फ्रॅक्चर मग तिथेच रिव्हर्स ऑब्लिकसारखे वागू लागते. अशा वेळी बाहेरच्या भिंतीला आधार देणारी ट्रोकँटरिक स्टॅबिलायझेशन प्लेट जोडायची किंवा इम्प्लांटच बदलून रॉडकडे जायचे. दोन्हींचे सेट ऑपरेशनच्या आधी थिएटरमध्ये निर्जंतुक करून तयार असले पाहिजेत. ‘सेट आला नव्हता’ हे चुकीच्या इम्प्लांटमागचे खरे कारण बऱ्याचदा असते, आणि ते टाळता येण्यासारखे आहे.

वजन टाकल्याने तुटली, हे कितपत खरे?

साध्या चालण्यात एका पायावर उभे राहताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट भार येतो. अंथरुणात कूस बदलताना, कमोडवर बसताना-उठतानाही तो कमी नसतो. ‘पाय टेकवू नका’ एवढ्या सूचनेवर एखादे फिक्सेशन टिकणार असेल, तर ते मुळातच कमकुवत आहे. ज्येष्ठ रुग्णांत ऑपरेशनचा हेतूच त्यांना लवकर उभे करण्याचा असतो. वरच्याच मार्गदर्शिकेत ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी चालवायला सुरुवात करा असे आहे. महिनाभर झोपवून ठेवले तर न्यूमोनिया, पायातल्या शिरेत गुठळी आणि पाठीच्या जखमा हाडाआधी माणसाला घेऊन जातात.

त्यामुळे ६८ वर्षांच्या माणसाने सहा आठवड्यांनी वॉकर धरून पावले टाकली, हा एकटा गुन्हा धरता येत नाही. तरुण माणसाचा चुरा झालेला शाफ्ट (मांडीच्या हाडाचा मधला दांडा), त्यावर प्लेट, आणि त्याने दोन महिन्यांत कुबड्या फेकून मोटरसायकलला किक मारली, तर गोष्ट वेगळी. तिथे रुग्णाचा वाटा खरोखर मोठा असतो.

वेळेवरूनही अंदाज येतो. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सगळे उखडले तर रचनाच अपुरी होती किंवा हाड फार ठिसूळ होते. तीन ते सहा महिन्यांत किंवा नंतर प्लेट मधोमध तुटली तर हाड जुळत नव्हते आणि धातू थकला. धातू आणि हाड यांची ही शर्यतच असते. हाड आधी जुळले तर धातूवरचा भार उतरतो, नाहीतर कोणतीही प्लेट, कोणताही रॉड केव्हातरी तुटतोच. म्हणून ‘का तुटली’ यासोबत ‘हाड का जुळले नाही’ हेही विचारा. जंतुसंसर्ग, आतल्या बाजूची पोकळी, ताठ रचना, मधुमेह, तंबाखू. महाराष्ट्रात मशेरी लावणाऱ्या आजींना कोणी विचारत नाही, पण मशेरीतले निकोटीनही हाडाचा रक्तपुरवठा कमी करते.

ऑपरेशननंतरची पहिली फिल्म कशी वाचायची

हे घरच्या माणसालाही जमते, फक्त समोरून आणि बाजूने अशा दोन्ही फिल्म हव्यात.

समोरच्या फिल्मवर मोठ्या ट्रोकँटरचे, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या उंचवट्याचे, टोक आणि खुब्याच्या गोळ्याचा मध्य साधारण एका पातळीत असतात. टोक बरेच वर दिसले तर हाड व्हारसमध्ये, म्हणजे आत कलून बसले आहे. हाडाची मान (गोळ्याखालचा अरुंद भाग) आणि दांडा यांच्यातला कोन निरोगी बाजूला बहुतेकांत १२५ ते १३५ अंश असतो. ऑपरेशनच्या बाजूला तो १२० च्या खाली असेल तर इम्प्लांट कितीही महागडे असो, धोका आहे. रॉड टाकला म्हणून वाकडे हाड आपोआप सरळ होत नाही. आधी हाड बसवायचे, मग रॉड. सबट्रोकँटरिकमध्ये तर वरचा तुकडा स्नायूंच्या ओढीने पुढे वाकतो, बाहेर जातो आणि फिरतो. फ्रॅक्चर टेबलावर नुसते ओढून तो बसत नाही, छोटा छेद घेऊन चिमट्याने धरावा लागतो. इथे केलेली घाई पुढे सगळ्यात महाग पडते.

दुसरी गोष्ट, गोळ्यातल्या स्क्रूचे टोक. १९९५ साली बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी टिप-अपेक्स अंतर मांडले. स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचे अंतर समोरच्या आणि बाजूच्या फिल्मवर मोजायचे, दोन्हींची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत हवी. मात्र फिल्मवर सगळे मोठे दिसते, ती सुधारणा न करता केलेली बेरीज निरुपयोगी. समजा डीएचएस स्क्रूचा गुळगुळीत दांडा खरा ८ मिलिमीटर जाड आहे आणि दोन्ही फिल्मवर तो १० भरतो. मग प्रत्येक माप ०.८ ने गुणायचे. समोरून २० मोजले तर खरे १६, बाजूने १८ मोजले तर खरे १४.४. बेरीज ३०.४. हा स्क्रू आखूड किंवा कोपऱ्यात गेलेला आहे आणि गोळा फाडून वर निघण्याची, म्हणजे कट-आउटची, भीती खरी आहे. स्क्रू वर-पुढच्या भागात असेल तर भीती आणखी वाढते. मध्यभागी, किंवा समोरून पाहता थोडा खाली असलेला स्क्रू चांगला. स्क्रूऐवजी हेलिकल ब्लेड (पिळाचे पाते) असेल तर ते फार टोकापर्यंतही ठोकू नये, कारण ब्लेड गोळ्याच्या आरपार सांध्यात घुसू शकते.

तुमच्या वडिलांच्या फिल्मवर मी याच क्रमाने पाहीन: आधी रेघ कोणत्या दिशेची, मग आतल्या बाजूचा आधार, मग कोन, मग स्क्रूचे टोक, शेवटी प्लेटची लांबी. रेघ उलटी किंवा लेसर ट्रोकँटरच्या खाली असेल आणि तरी डीएचएस टाकली असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे.

रॉड टाकूनही बिघडते, ते असे

पीएफएन (प्रॉक्सिमल फिमोरल नेल) या खुब्याजवळच्या फ्रॅक्चरसाठीच्या रॉडमध्ये गोळ्यात दोन स्क्रू जातात. हाडाची मान अरुंद असेल, आणि आपल्याकडच्या ठेंगण्या बायकांत ती बऱ्याचदा असते, तर दोन स्क्रू मावत नाहीत. वरचा स्क्रू मानेच्या अगदी कडेला जातो. पुढे एक स्क्रू सांध्यात घुसतो आणि दुसरा बाहेर सरकतो. याला झेड इफेक्ट म्हणतात, आणि उलट्या दिशेने झाले तर रिव्हर्स झेड. वरचा स्क्रू खालच्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर आखूड ठेवला तर त्याच्यावर भार कमी येतो. मान अगदीच अरुंद असेल तर एकच जाड स्क्रू किंवा ब्लेड असलेला रॉड घ्यायचा. काही रॉड आशियाई हाडांच्या मापाने वेगळे बनवले आहेत ते याच कारणासाठी, वरचे टोक आणि कोन लहान ठेवून.

आखूड रॉड सबट्रोकँटरिक फ्रॅक्चरला पुरत नाही. त्याचे टोक मोडलेल्या जागेच्या जवळच संपते आणि नवा ताण तिथेच गोळा होतो. लांब रॉड हवा. पण लांब रॉडचाही स्वतःचा धोका आहे. मांडीचे हाड पुढच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले असते, कमानीची त्रिज्या सरासरी १.२ मीटरच्या आसपास, आणि बरेच रॉड त्यापेक्षा सरळ असतात. वाकलेल्या हाडाच्या वृद्ध स्त्रीत असा रॉड ठोकत नेला तर गुडघ्याच्या वर त्याचे टोक पुढच्या भिंतीला टेकते आणि ती फोडते. म्हणून आधी संपूर्ण मांडीचा बाजूने एक्स-रे हवा, आणि रॉड आत जाताना सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना वापरायचे एक्स-रे यंत्र) गुडघ्याजवळची बाजूची प्रतिमा बघितलीच पाहिजे.

शाफ्टच्या इंटरलॉकिंग रॉडमध्ये, म्हणजे आडव्या बोल्टने हाडात अडकवलेल्या रॉडमध्ये, चुका वेगळ्या. रॉडपेक्षा साधारण १ ते १.५ मिलिमीटर जास्त रीमिंग करतात, म्हणजे पोकळी आतून कोरून रुंद करतात. कमी केले आणि रॉड अडला तर हातोडा मारत बसायचे नसते, रॉड काढून अजून रीम करायचे. नाहीतर हाड उभे चिरते किंवा रॉड आतच अडकतो. पातळ रॉड टाकला तर लॉकिंग बोल्टवर भार जाऊन ते तुटतात. खालच्या लॉकिंगच्या भोकापासून फ्रॅक्चर ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर त्या भोकाजवळच रॉड तुटण्याचा धोका वाढतो. बोल्ट भोकात न जाता रॉडच्या शेजारून गेला, ही चूक समोरच्या एका फिल्मवर लपते आणि बाजूच्या फिल्मवर दिसते. हाड चुरलेले असताना एकाच बाजूला लॉक केले तर पाय आखूड होतो किंवा फिरतो. १५ अंशांपेक्षा जास्त फिरलेला पाय माणसाला चालताना जाणवतो. टेबलावरून उतरवण्याआधी दोन्ही गुडघे आणि पावले शेजारी ठेवून पाहणे याला अर्धा मिनिट लागतो.

रॉड कुठून आत जायचा हेही इम्प्लांटबरोबरच ठरलेले असते. पिरिफॉर्मिस फोसासाठी (मोठ्या ट्रोकँटरच्या आतल्या बाजूचा खड्डा) बनवलेला सरळ रॉड ट्रोकँटरच्या टोकातून घातला तर वरचा तुकडा आत कलतो. वाढत्या वयाच्या मुलात पिरिफॉर्मिसमधून प्रवेश केला तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा मरू शकतो. ५ ते ११ वयाच्या मुलांना टेन्स नावाचे टायटॅनियमचे लवचीक, बारीक रॉड असतात. दोन्ही एकाच जाडीचे, प्रत्येक पोकळीच्या सुमारे ४० टक्के. पोकळी ९ मिलिमीटर तर रॉड ३.५. एक ३ आणि एक ४ असे जोडून टाकले तर हाड हळूहळू वाकते. मुलाचे वजन ४५-५० किलोच्या पुढे असेल तर टेन्स पुरत नाही.

शाफ्ट मोडलेल्या अपघातग्रस्ताच्या मांडीच्या हाडाच्या मानेतही बारीक, न हललेले फ्रॅक्चर असू शकते. ते निसटले तर रॉड घालताना उघडते. वेगाने धडकलेल्या प्रत्येक रुग्णात खुब्याचा वेगळा एक्स-रे आणि शक्यतो बारीक कापांचे सीटी पाहूनच इम्प्लांट ठरवावे.

प्लेटच्या चुका

मांडीच्या शाफ्टला ब्रॉड ४.५ (रुंद, ४.५ मिलिमीटर स्क्रूची) प्लेट लागते. नॅरो (अरुंद) प्लेट नडगीच्या किंवा दंडाच्या हाडासाठी असते, मांडीत ती वाकते. फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना किमान चार-चार स्क्रू, दोन्ही भिंती पकडणारे, हा जुना नियम अजून उपयोगी आहे. चुरलेल्या हाडात प्लेट चुऱ्याच्या लांबीच्या दोन-तीनपट हवी. साध्या आडव्या फ्रॅक्चरमध्ये तर ती आणखी लांब, आठ-दहापट.

लॉकिंग प्लेटने (हिच्यात स्क्रूचे डोके प्लेटमध्येच घट्ट बसते) एक नवी चूक आणली: सगळी भोके भरण्याची. फ्रॅक्चरच्या अगदी दोन्ही कडांपर्यंत लॉकिंग स्क्रू लावले तर सगळा ताण एका-दोन भोकांवर गोळा होतो. रचना इतकी ताठ होते की कॅलस (जुळताना तयार होणारे नवे हाड) येत नाही, आणि फ्रॅक्चरवरच्या रिकाम्या भोकातून प्लेट तुटते. चुऱ्यावरून प्लेटचा पूल बांधायचा असेल तर साधारण निम्मी भोके रिकामी ठेवायची. उलट, साध्या फ्रॅक्चरमध्ये फट तशीच ठेवून लॉक केले तर ती फट कायमची राहते. आधी दाबायचे, मग लॉक. स्क्रू ड्रिल मशीनने शेवटपर्यंत कसू नयेत, ४ न्यूटन-मीटरच्या टॉर्क ड्रायव्हरने हाताने कसावेत. नाहीतर टायटॅनियमचे डोके प्लेटमध्ये जाम होते आणि काढायच्या दिवशी निघत नाही.

स्टीलची प्लेट आणि टायटॅनियमचे स्क्रू असे मिश्रण टाळावे, दोन कंपन्यांचे भाग एकत्र जोडणे तर नकोच, कारण स्क्रूच्या चुड्या (आटे) आणि भोकांची मापे जुळत नाहीत. एकदा काढलेली प्लेट पुन्हा कोणालाही लावू नये. डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिच्यात आधीच पडलेल्या असतात.

मानेच्या फ्रॅक्चरचे थोडक्यात. तीन पोकळ स्क्रू तरुणात चालतात, पण त्यांच्या चुड्या पूर्णपणे फ्रॅक्चरच्या पलीकडे हव्यात. चुडी रेघेवर राहिली तर दाब येत नाही. खालचा स्क्रू लेसर ट्रोकँटरच्या पातळीखालून घातला तर काही आठवड्यांत त्या भोकातून सबट्रोकँटरिक फ्रॅक्चर होऊ शकते. उभी रेघ असेल तर तीन स्क्रू अपुरे पडतात. सत्तरीपुढे हललेल्या मानेला स्क्रूऐवजी गोळा बदलणे बहुतेक वेळा जास्त भरवशाचे.

आता पुढे काय

दुसऱ्या ऑपरेशनआधी ईएसआर आणि सीआरपी (संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्ताच्या चाचण्या) तपासा. तब्येत स्थिर असेल तर प्रतिजैविके दोन आठवडे बंद ठेवून, ऑपरेशनमध्ये फ्रॅक्चरच्या जागेचे पाच वेगवेगळे नमुने कल्चरला पाठवतात. जंतू असताना नवा रॉड टाकला तर तिसरे ऑपरेशन ठरलेले. संसर्ग नसेल तर तुटलेली प्लेट काढून, कोन सुधारून, लांब रॉड आणि कमरेच्या हाडाचा बोन ग्राफ्ट हा साधारण मार्ग आहे. गोळा आतून फाटलेला असेल तर लांब दांड्याचा कृत्रिम सांधा विचारात घेतात.

वडील अलेंड्रोनेटसारखी हाडाची गोळी काही वर्षे घेत होते का, हे नक्की सांगा. तसे असेल आणि फ्रॅक्चर आडवे, बाहेरच्या भिंतीची एका जागी फुगवटी असलेले असेल, तर ते अटिपिकल फ्रॅक्चर असू शकते. त्याला पूर्ण लांबीचा रॉड लागतो, आणि दुसऱ्या मांडीचाही एक्स-रे काढावा लागतो, कारण तिकडेही तीच चीर सुरू झालेली असू शकते.

कागदपत्रे मागताना संकोच करू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार अर्ज केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्यात ऑपरेशन नोट, दोन्ही वेळच्या फिल्म आणि इम्प्लांटचे स्टिकर बघा. स्टिकरवर कंपनी, धातू, माप आणि बॅच क्रमांक असतो. नव्या सर्जनला तो आधीच दाखवा. जुन्या स्क्रूच्या डोक्याला षटकोनी ड्रायव्हर लागतो की चांदणीच्या आकाराचा, हे त्यावरून कळते. तुटलेले स्क्रू काढायला पोकळ रीमर आणि उलट्या चुडीचा एक्स्ट्रॅक्टरही आधीच मागवता येतो. तक्रार करायची ठरली तर ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत साधारण दोन वर्षांची आहे. तेव्हा मूळ फिल्म कोणाकडे सोडू नका, प्रती द्या. काढलेल्या प्लेटचे तुकडे पिशवीत सील करून, तारीख टाकून मागून घ्या. तुटलेली कड स्वच्छ आहे की आतून सच्छिद्र, हे धातूतज्ज्ञाला त्याच तुकड्यावर तपासता येते.